उसन्या जागांचं नाटक

नाट्यगृहाचा इतिहास सांगणाऱ्या पुस्तकांची चाल बहुधा ठरलेली असते. पहिल्या प्रकरणात कोनशिला बसते, दुसऱ्यात उद्घाटनाचा प्रयोग रंगतो, पुढे थोर नटांच्या आठवणी येतात आणि शेवटी मोडक्या खुर्च्यांची नि तुंबलेल्या स्वच्छतागृहांची तक्रार. पुण्याच्या बालगंधर्व रंगमंदिराचा इतिहास असा सरळ लिहिता येतो. 8 ऑक्टोबर 1962 ला खुद्द बालगंधर्वांच्या हस्ते पायाभरणी झाली, 26 जून 1968 ला उद्घाटन झालं आणि मधल्या काळात पु. ल. देशपांड्यांनी आराखड्यात जातीनं लक्ष घातलं. कोल्हापूरच्या पॅलेस थिएटरचा तर याहून ऐसपैस लिहिता येईल, कारण तिथे शाहू महाराजांसारखा आश्रयदाता आणि केशवराव भोसल्यांसारखा गायक नट आहे. रायगडच्या किनाऱ्याचा तसा लिहायला गेलं, की पहिल्याच पानावर हात थबकतो. उरण, अलिबाग, रेवदंडा, मुरूड, श्रीवर्धन या पट्ट्यात खास नाटकासाठी बांधलेली शंभर वर्षांची वास्तू दाखवा म्हटलं, तर कुणाला बोट दाखवता येत नाही. नाटकवेडी माणसं मात्र गावोगाव दाखवता येतात. मग या माणसांनी नाटक केलं कुठे, आणि पाहिलं कुठे?

या प्रश्नाच्या मागे जाणारे लेख पुढच्या पानांत आहेत. देवळाचा सभामंडप, शाळेचं पटांगण, समाजाचं सभागृह, गिरणगावातला हॉल, नगरपालिकेनं बांधलेली वास्तू आणि आगीत गेलेली एक वातानुकूलित इमारत, या साऱ्यांना इथे एका पंगतीला बसवलं आहे. काहींना ही पंगत विजोड वाटेल. मला ती योग्य वाटते, आणि का वाटते ते सांगण्यापुरतीच ही प्रस्तावना आहे. या किनाऱ्यावर नाटकाला स्वतःचं घर फार उशिरा मिळालं, याचं कारण गरिबीत किंवा अनास्थेत शोधायची आपल्याला सवय आहे. खरं कारण समोरच्या पाण्यापलीकडे होतं. कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड, जिल्ह्याचं मोठं नाट्यगृह बराच काळ मुंबईत होतं.

नकाशा उघडून बसलं, की हे लगेच पटतं. रेवस आणि मांडवा ही बंदरं मुंबईच्या अगदी समोर. भाऊ अजिंक्यांनी 1841 मध्ये मुंबईला धक्का बांधला, तो आजही त्यांच्याच नावानं ओळखला जातो, आणि कोकणी माणसाचं मुंबईतलं पहिलं पाऊल पुढे अनेक पिढ्या तिथेच पडलं. त्यानंतर दोनच वर्षांनी, 1843 मध्ये, सांगलीत विष्णुदास भाव्यांनी ‘सीता स्वयंवर’ रंगमंचावर आणलं. 1846 मध्ये मुंबईत जगन्नाथ शंकरशेटांच्या जागेत ग्रँट रोडचं थिएटर उभं राहिलं आणि 1853 मध्ये भाव्यांची मंडळी तिथे येऊन खेळ करून गेली. म्हणजे मराठी नाटकाला तिकीट लावून बसायची जागा मिळाली, तेव्हा ती सांगली-पुण्यापेक्षा अलिबागला जवळ होती. वारा अनुकूल असेल तर अलिबागच्या माणसाला ती जागा घाटावरच्या कित्येक गावांपेक्षा लवकर गाठता आली असती.

हीच जवळीक अलिबागला नडली. नाटक मंडळ्या पुढे रेल्वेच्या मागे मागे वाढल्या. पडदे, पेट्या, गाद्या, आचारी आणि पन्नासेक माणसं घेऊन हिंडणाऱ्या कंपनीला मालडबा लागतो. बोरघाटाचा लोहमार्ग 1863 मध्ये सुरू झाला आणि मुंबई ते पुणे हा कंपन्यांचा राजरस्ता झाला. तो जिल्ह्याच्या पूर्वेकडून, कर्जतवरून, गेला. किनारा बाजूलाच राहिला. पनवेलला रेल्वे आली ती स्वातंत्र्यानंतर, साठच्या दशकात. रोह्याला पोचायला तिला 1986 उजाडलं, आणि प्रवासी गाडी अलिबागला आजही येत नाही. अलिबागच्या या अलिप्तपणाचा उपयोग झाला तो वेगळ्याच लोकांना. मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येणार म्हटल्यावर तिथल्या कुलाबा भागातल्या वेधशाळेतली चुंबकीय मोजमापं बिघडणार हे उघड झालं, आणि 1904 मध्ये चुंबकीय वेधशाळा अलिबागला हलवण्यात आली. शहराचा खडखडाट पोचणार नाही अशी जागा शास्त्रज्ञांना हवी होती. नाटक कंपनीला नेमकी उलट जागा लागते.

कंपनी येत नाही म्हणून माणसं कंपनीकडे गेली. या जाण्याची सगळ्यात विलक्षण खूण आडनावांत सापडते. बेने इस्रायली समाजाची परंपरा सांगते, की त्यांचे पूर्वज अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटून उतरले. शनिवारी घाणा बंद ठेवणारे हे तेली गावोगाव पसरले आणि पेणकर, रोहेकर, नवगावकर अशी गावांची नावं घेऊन इंग्रजी अमदानीत मुंबईला गेले. मराठी ही त्यांची घरची भाषा. बायबलातल्या कथांवर मराठी कीर्तनं रचून ती साग्रसंगीत करण्याचा त्यांचा प्रघात महाराष्ट्रातल्या भक्तिपरंपरेच्या अभ्यासकांनी अजून पुरेसा मनावर घेतलेला नाही. याच समाजातले जोसेफ डेव्हिड पेणकर पारशी रंगभूमीवरचे नावाजलेले नाटककार झाले. त्यांच्या नाटकावरून अर्देशिर इराणींनी ‘आलम आरा’ काढला आणि 14 मार्च 1931 ला गिरगावच्या मॅजेस्टिकमध्ये हिंदुस्थानचा पहिला बोलपट झळकला. चित्रपटाची एकही प्रत आता उरलेली नाही. पण भारतीय पडदा बोलायला लागला तो पेणचं नाव लावणाऱ्या माणसाच्या नाटकातून, ही गोष्ट पेणमध्ये गणपतीच्या मूर्तींइतकी माहीत असायला हरकत नव्हती.

मुंबईतलं दुसरं घर परळला होतं. नारायण मल्हार जोशी यांनी 1911 मध्ये स्थापन केलेल्या सोशल सर्व्हिस लीगचा दामोदर हॉल. 1922 पासून हा हॉल गिरणगावाचं रंगमंदिर होता. गिरण्यांत रत्नागिरी आणि साताऱ्याची माणसं संख्येनं जास्त, हे खरंच आहे. पण कुलाबा जिल्ह्याचे कामगारही त्याच चाळींत, त्याच खानावळींत होते आणि रंगमंचासाठी त्याच रांगेत. कामगार रंगभूमी म्हणून जिचा उल्लेख होतो तिची तालीम चाळीच्या गच्चीवर व्हायची आणि प्रयोग दामोदरला. गावच्या मंडळाचं नाटक, शक्ती-तुऱ्याचा सामना, नमन, वार्षिक स्नेहसंमेलन, सगळं तिथेच. तिकीटविक्रीतून गावच्या देवळाचा कळस किंवा शाळेची खोली उभी राहायची. गावात नाट्यगृह नव्हतं, पण मुंबईतल्या नाट्यगृहात गाव जमत होतं. गावाहून आलेल्या पाहुण्याला राणीच्या बागेइतकाच दामोदरचा प्रयोग दाखवला जायचा, असं ज्या घरांत ऐकायला मिळतं ती घरं या किनाऱ्यावर आजही पुष्कळ आहेत.

दामोदर हॉलला आणखी एक इतिहास आहे. 9 मार्च 1924 ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तिथे सभा बोलावली, तिच्यातून त्याच वर्षी जुलैमध्ये बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली, आणि सभेचं कार्यालयही तिथेच होतं. पुढे तीनच वर्षांनी आपल्या जिल्ह्यात काय घडलं ते सर्वांना ठाऊक आहे, पण ते कुठे घडलं हे सहसा सांगितलं जात नाही. दासगावच्या रामचंद्र बाबाजी मोरे यांच्या धडपडीतून कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली, 19 आणि 20 मार्च 1927 ला, महाडच्या वीरेश्वर थिएटरमध्ये. म्हणजे नाटक-तमाशाच्या जागेत. दुसऱ्या दिवशी परिषद संपवून माणसं त्या थिएटरातून रांगेनं निघाली आणि चवदार तळ्यावर गेली.

मला या प्रसंगात जागेचा प्रश्न फार महत्त्वाचा वाटतो. देवळाच्या सभामंडपात या माणसांना पाऊल टाकता येत नव्हतं. शाळेत मुलांना वेगळं बसवत. पाणवठे बंद होते. ते खुले करायला सांगणारा 1923 चा बोले ठराव आणि महाड नगरपालिकेचा तळं खुलं करण्याचा ठराव, दोन्ही कागदावरच होते. गावातल्या साऱ्या सार्वजनिक जागांत थिएटर ही एकच अशी, जिचं दार भाडं दिल्यावर उघडत होतं. सोवळं-ओवळं तिथेही असणार, पण तिथला शेवटचा शब्द गल्ल्याचा होता. मार्चमधल्या सत्याग्रहानंतर ते दारही मिटलं. डिसेंबरच्या परिषदेसाठी महाडात जागा द्यायला कुणी तयार होईना. शेवटी फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थांनी आपली जमीन दिली, मांडव तिथे पडला आणि 25 डिसेंबरला मनुस्मृतीचं दहन झालं. त्या परिषदेला बाबासाहेब आणि मुंबईचे प्रतिनिधी ‘पद्मावती’ बोटीनं आले, हरिहरेश्वराजवळ उतरून खाडीतून दासगावला पोचले. चाकरमानी आणि नाटकवाले ज्या पाण्यानं ये-जा करत त्याच पाण्यानं. जिल्ह्यातल्या रंगमंचांच्या इतिहासात सगळ्यात मोठी घटना कोणती असं कुणी विचारलं तर मी एकाही नाटकाचं नाव घेणार नाही. वीरेश्वर थिएटरमधली ती परिषद, हेच माझं उत्तर.

आता गावाकडे वळू. इथे इमारत नाही, पण ऋतू आहे. भात झोडून घरात आलं, दिवाळी सरली, की वरसोलीची विठोबाची जत्रा, मग मार्गशीर्ष पौर्णिमेला चौल-भोवाळ्याच्या दत्ताची, आणि तिथून शिमगा आणि हनुमान जयंतीपर्यंत पालख्या आणि उत्सवांची रांग. नाटकाचा हंगामही हाच. देवळापुढचं अंगण, नाहीतर कापणी झालेलं शेत. बांबू, वासे, माडाचे झाप, कनात, समोर बायकांसाठी चटया आणि मागे पुरुषांची उभी गर्दी. वीज येण्याआधी गॅसबत्त्या. त्यांना मधूनमधून हवा भरायला एक माणूस प्रवेश चालू असतानाच रंगमंचावर यायचा आणि प्रेक्षक त्याला खुशाल न पाहिल्यासारखं करायचे. पडदे आणि पोशाख मुंबईहून भाड्यानं. पेटीवाला आणि तबलजी पंचक्रोशीतले. बायकांची कामं आधी मिशी उतरवलेल्या पोरांनी केली, पुढे मुंबईहून ‘नटी’ बोलावण्याची चाल पडली, आणि नाटकाच्या खर्चात सगळ्यात मोठी रक्कम तिच्या नावावर दिसू लागली. तिच्याविषयी गावात कुजबुज व्हायची आणि तिच्याच नावाला गर्दीही व्हायची. या बायकांचा इतिहास कुणीतरी वेगळा लिहायला हवा. या पुस्तकात त्यांच्यावर एकच लेख आहे आणि तो अपुरा आहे.

त्याआधीचं लळित तर आता फक्त म्हाताऱ्यांच्या बोलण्यात उरलंय. उत्सवाच्या शेवटच्या रात्री देवापुढे सोंगं आणायची, वासुदेव, भालदार-चोपदार, गोंधळी, आणि शेवटी प्रसाद मागायचा. मराठी नाटकाचं मूळ शोधणारे अभ्यासक लळिताचं नाव आदरानं घेतात आणि पुढे सांगलीला जातात. ज्या गावांत लळित होत होतं तिथलं नाटक पुढे कुठल्या वाटेनं गेलं, याची चौकशी फारशी होत नाही.

या नाटकांना लांबीवरून नावं ठेवायची फॅशन आहे. रात्री दहाला नांदी, पहाटे कोंबड्याला भैरवी. शहरी समीक्षक त्यात पसारा पाहतो. पण अंधारात खाडी कुणी ओलांडायची? शेजारच्या गावाहून चालत, होडीतून आलेल्या माणसाला उजाडेपर्यंत कुठेतरी बसून राहणं भाग होतं, आणि ज्यानं त्याला बोलावलं त्याला ते बसणं सुसह्य करणं भाग होतं. पुढे एसटी आली, रस्ते झाले, 1986 मध्ये कुंडलिकेवर रेवदंडा-साळावचा पूल झाला, आणि नाटकं आखूड होऊ लागली. रसिकांची अभिरुची बदलली असं आपण म्हणतो. मला वाटतं, आधी गाड्यांचं वेळापत्रक बदललं.

खारेपाटाविषयी स्वतंत्र बोलायला हवं. अलिबाग आणि पेण तालुक्यांतली ही खाडीकाठची जमीन, बांध घालून समुद्रापासून हिसकावलेली. बांध फुटला की पीक गेलं, म्हणून गावानं एकत्र येऊन राबण्याची इथे जुनी सवय. 1933 मध्ये चरीच्या सभेनंतर 25 गावांच्या कुळांनी खोतांची जमीन कसायची नाही असं ठरवलं आणि नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली तो संप 1939 पर्यंत चालला. इतका लांब शेतकरी संप देशात दुसरा सांगता येत नाही. या गावांत नाटकमंडळ आणि संघटना यांच्यात फारसं अंतर नव्हतं. वर्गणी गोळा करणारे हात तेच, मांडव घालणारे तेच, आणि व्यासपीठावरचा वक्ता दुसऱ्या हंगामात राजाची भूमिका करणार. पुढे शेतकरी कामगार पक्षाच्या सभांना कलापथकं आली, पोवाडे आले. आगरी बोलीतली विनोदी नाटकं आज इथे धो धो चालतात. त्यांच्यात अश्लीलता फार, अशी तक्रार मीही केली आहे आणि अजून मागे घेतलेली नाही. पण ती बोली रंगमंचावर मालक म्हणून बोलते, नोकराच्या किंवा विदूषकाच्या तोंडी येत नाही, हा फरक त्या नाटकांनी घडवला, हेही त्याच दमात मान्य करायला हवं.

अलिबाग शहराची गोष्ट त्यामानानं फिकी आहे, म्हणून मीही ती आटोपती घेतो. जिल्ह्याचं ठिकाण, वकील, मामलेदार कचेरी, शाळामास्तर, वाचनालय, म्हणजे हौशी नाटकाला लागणारी सारी सामग्री हजर. 1954 पासून राज्य नाट्यस्पर्धा सुरू झाल्यावर अशा शहरांतल्या हौशी संस्थांना वर्षातून एकदा तरी कसून तालमी करायला निमित्त मिळालं. जागा मात्र जुळवाजुळवीची. वाचनालयाचा डोंगरे हॉल, जे.एस.एम. महाविद्यालयाचं पटांगण, कुरुळचं क्षात्रैक्य समाजाचं सभागृह. यांतली एकही जागा नाटकासाठी बांधलेली नव्हती. सभागृहाच्या व्यासपीठाला वर उंची नसते, पडदा वर जात नाही, बाजूला विंगा नसतात. नेपथ्य आत घ्यायचं दार माणसापुरतं असतं. नट एकदा आत गेला की दुसऱ्या बाजूनं यायला त्याला इमारतीबाहेरून फेरी मारावी लागते, आणि बाहेर सभासदांच्या चपला असतात. ज्यांनी अशा जागी प्रयोग केले त्यांना नाट्यगृह म्हणजे काय हे वास्तुशास्त्राच्या पुस्तकातून शिकावं लागलं नाही.

म्हणून चेंढऱ्याला पीएनपी नाट्यगृह उभं राहिलं त्याचं महत्त्व. चेंढरे म्हणजे अलिबागला खेटलेली ग्रामपंचायत. नाट्यगृहाला नाव प्रभाकर नारायण पाटलांचं, म्हणजे चरीच्या संपाचे नेते नारायण नागू पाटील यांच्या मुलाचं. सहकारी संस्थेची वास्तू, वातानुकूलित, मुंबईच्या व्यावसायिक नाटकाला हवं ते सगळं असलेली. ज्या घराण्यानं खारेपाटात संघटना बांधली त्याच घराण्यानं अलिबागला बंदिस्त रंगमंच दिला, याकडे कुणी राजकारण म्हणून पाहील, कुणी सांस्कृतिक काम म्हणून. या जिल्ह्यात दोन्ही वेगळं काढता येत नाही आणि मी काढायला बसणारही नाही. वस्तुस्थिती एवढीच, की सरकारनं आणि नगरपालिकेनं जे केलं नव्हतं ते झालं, आणि जाहिरातीतल्या नाटकासाठी वाशीच्या विष्णुदास भावे नाट्यगृहापर्यंत जाणं अलिबागकरांना सक्तीचं राहिलं नाही.

त्यानंतरची दोन-तीन वर्षं मात्र एकामागून एक आघातांची ठरली. 15 मार्च 2020 ला भाऊचा धक्का ते मांडवा रो-रो सेवा सुरू झाली. गाडी बोटीत घालून तासाभरात अलिबाग तालुक्यात. नेपथ्याचा टेम्पो वडखळच्या कोंडीत न अडकता येणार, असं वाटत असतानाच आठवडाभरात टाळेबंदी आली. 3 जूनला निसर्ग चक्रीवादळानं किनाऱ्यावरची छपरं उडवली, माड-पोफळी झोपवल्या आणि कित्येक गावांतले उत्सवाचे मांडव पुढची दोन वर्षं पडलेच नाहीत. नाट्यगृहं नोव्हेंबर 2020 मध्ये अर्ध्या क्षमतेनं उघडली, पुन्हा मिटली आणि 22 ऑक्टोबर 2021 ला पुन्हा उघडली. जरा कुठे प्रयोग लागू लागले, तोवर 15 जून 2022 ला पीएनपी नाट्यगृहाला आग लागली. खुर्च्या, पडदे, ध्वनियंत्रणा, छप्पर, सगळं गेलं. नाट्यगृहाच्या आतल्या बहुतेक वस्तू जळायला सोप्या असतात: मखमल, फोम, लाकूड, आवाज शोषणारे फलक. चांगला आवाज देणारं घर आगीलाही तितकंच चांगलं असतं, आणि म्हणूनच अशा इमारतीच्या अग्निशमनावर पडद्यांपेक्षा जास्त खर्च व्हायला हवा.

8 ऑगस्ट 2024 च्या रात्री कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह जळालं, केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या रात्री. 1915 मध्ये खुलं झालेलं ते पॅलेस थिएटर. दुसऱ्या दिवशी सबंध महाराष्ट्र हळहळला, आणि ते स्वाभाविकच होतं. त्या भिंतींना शतकाची नावं चिकटलेली होती. अलिबागच्या आगीला असं दुःख लाभलं नाही, कारण तिथे आठवणी साठायला वेळच मिळाला नव्हता. पण प्रेक्षकाच्या बाजूनं पाहिलं तर तोटा अलिबागचाच मोठा होता. कोल्हापुरात नाटक पाहायची सवय जुनी आहे, ती इमारत उभी राहीपर्यंत टिकेल. अलिबागमध्ये ती सवय नुकती लागत होती. नागावच्या, चौलच्या, पोयनाडच्या कुटुंबांनी रविवारचं नाटक ठरवून पाहायचं, तिकीट आधी काढायचं, वेळेवर खुर्चीत बसायचं, मोबाईल बंद करायचा, हे सगळं नवीन होतं. जत्रेतल्या प्रेक्षकाला नाट्यगृहातला प्रेक्षक व्हायला काही वर्षं लागतात, आणि ती वर्षं आगीत गेली.

याच सुमारास मुंबईत दामोदरचंही दार बंद झालं. नोव्हेंबर 2023 पासून पुनर्विकासासाठी नाट्यगृह बंद ठेवलं गेलं आणि त्यावरून रंगकर्मी रस्त्यावर आले. त्या आंदोलनात मोठ्या नटांची छायाचित्रं छापून आली. गावच्या मंडळांचं मात्र वेगळंच दुखणं होतं: त्यांना परवडेल अशा भाड्यात, मध्य मुंबईत, सोयीच्या तारखेला दुसरी जागा मिळणार कुठे? गिरण्या गेल्यावर चाकरमानी विरार, दिवा, पनवेलकडे सरकलाच होता. त्याचं नाट्यगृह त्याच्यामागून सरकलं नाही.

पनवेल या साऱ्या चित्रात वेगळं पडतं. तिथलं आद्यक्रांतिवीर वासुदेव बळवंत फडके नाट्यगृह नगरपालिकेच्या काळातलं, 2016 मध्ये महापालिका झाल्यावर तिच्याकडे आलेलं. फडक्यांचं शिरढोण तिथून जवळच. ठाण्याच्या गडकरी रंगायतनासारखाच हा प्रकार: स्थानिक स्वराज्य संस्थेनं कराच्या पैशातून बांधायचं आणि भाड्याचे दर सभागृहात ठरवायचे. व्यावसायिक नाटकाच्या जाहिरातीत आता पनवेल हे मुंबईच्या वर्तुळातलंच केंद्र म्हणून येतं. अटल करंडकासारखी एकांकिका स्पर्धा तिथे होते, तिच्यासाठी राज्यभरातले महाविद्यालयीन संघ येतात. पनवेलला किनाऱ्याचं नाट्यगृह म्हणावं की मुंबईचं उपनगरी, यावर या पुस्तकातल्या दोन लेखकांचं एकमत नाही. दोघांचेही लेख जसेच्या तसे ठेवलेत, हे संपादकांनी बरं केलं.

मुरूडला जन्मलेल्या नाना पाटेकरांना मुंबईच्या रंगभूमीनं घडवलं. तसं पुढच्या मुलालाही मुंबईला जावंच लागेल का, हा प्रश्न मला इथल्या प्रत्येक जाहीर कार्यक्रमात विचारला जातो. जावं लागेल, नाट्यगृह बांधल्यानं ते टळणार नाही. पण जाण्याआधी त्याला विंगेतून प्रवेश करायला, प्रकाशाची जागा पकडायला, ध्वनिक्षेपकाशिवाय शेवटच्या रांगेपर्यंत बोलायला शिकवणारी जागा इथे हवी, आणि ती हजार खुर्च्यांची असून चालणार नाही. किनाऱ्यावर आज पैसा पुष्कळ आलाय. मांडवा ते नागाव बंगल्यांची रांग लागली आहे, 2024 च्या जानेवारीपासून अटल सेतूनं मुंबई आणखी जवळ आली आहे. बंगलेवाले मराठी नाटकाला येत नाहीत, त्यांच्या बागेत काम करणारे येतात. त्यामुळे नवीन वास्तूचे आराखडे कुणी मांडले, की मी आधी खुर्च्यांचा आकडा पाहत नाही. तालमीची खोली आहे का, टेम्पो थेट रंगमंचाला लागतो का, बायकांसाठी वेगळी रंगपटाची खोली आणि चालू स्थितीतलं स्वच्छतागृह आहे का, रात्री अकरानंतर रेवदंडा नि पोयनाडच्या बाजूला एखादी गाडी सुटणार का, हे विचारतो. आणि सगळ्यात शेवटी विचारतो भाडं. खारेपाटातल्या मंडळाला जत्रेच्या मांडवाला जेवढा खर्च येतो, त्याहून ते एक रुपयानंही जास्त असेल, तर ते मंडळ शेतातच नाटक करील, आणि नाट्यगृहात लग्नं लागतील.